सिम्युलेटर (वैमानिक-प्रशिक्षण)

जमिनीवरच्या कॉकपिटमध्ये उड्डाणाचा सराव देणारे यंत्र. वैमानिकांच्या बोलण्यात नुसते ‘सिम’. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथील एडविन लिंक याने 1929 मध्ये पहिला उपयोगी सिम्युलेटर तयार केला. घरचा कारखाना ऑर्गनचा, त्यामुळे लाकडी खोके कलवण्यासाठी त्याने वाद्यातलेच हवेचे भाते वापरले. सुरुवातीचे गिऱ्हाईक मात्र करमणुकीच्या बागांचे! 1934 मध्ये हवाई टपाल लष्कराकडे आले, खराब हवेत एकामागून एक वैमानिक दगावले आणि मग लष्कराने सहा यंत्रे घेतली. झाकण लावले की विद्यार्थ्याला समोरच्या तबकड्यांशिवाय काही दिसत नसे. शिक्षकाच्या टेबलावर ‘खेकडा’ नावाचे तीनचाकी यंत्र त्याचा मार्ग नकाशावर शाईने उमटवीत जाई. चूक नाकारायची सोयच नव्हती.

बाहेर न पाहता केवळ उपकरणांवर उडणे शिकवावे ते सिमनेच, आणि अमेरिकी नियमांनाही सिमवरचा असा सराव मान्य आहे. ढगांतून उडणाऱ्या वैमानिकाच्या खाती मागील सहा महिन्यांत सहा इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच (उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे येणे), शिवाय होल्डिंग (ठरल्या जागी घिरट्या घालणे) आणि मार्ग पकडून राखण्याचा सराव लागतो. तो टेबलावर मावणाऱ्या मान्यताप्राप्त यंत्रावरही चालतो. 2018 पासून प्रशिक्षक शेजारी असण्याची अटही गेली. घरच्या संगणकावरचा खेळ कितीही हुबेहूब असो, लॉगबुकात धरत नाहीत. प्रवासी न्यायचे तर 90 दिवसांत तीन टेकऑफ व तीन लँडिंग हवीत. ती छोट्या यंत्रावर भागत नाहीत. प्रत्यक्ष विमान किंवा मान्यताप्राप्त केंद्रातला मोठा सिम्युलेटरच लागतो.

सर्वोच्च ‘डी’ दर्जाचा सिम्युलेटर सहा पायांवर डोलतो. अनुभवी वैमानिक नव्या विमानाचे शिक्षण त्यातच पुरे करून, थेट प्रवाशांसह, प्रशिक्षक-कॅप्टनच्या शेजारी पहिले उड्डाण करू शकतो. भारतातही एअरलाइन वैमानिकांच्या नियमित चाचण्या सिमवर होतात.

मात्र सिम चुकीचेही शिकवू शकतो. 2001 मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानाचे शेपूट रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) अतिवापराने तुटले, 265 जण दगावले. कंपनीच्या सिममधील एका सरावात विमान मुद्दाम उशिरा प्रतिसाद देत असे. रडर जोराने दाबण्याची सवय त्यातून लागू शकते, असे तपासात दिसले. 2009 मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ स्टॉलमुळे (पंखांची उचल हरपल्याने) विमान कोसळले; त्यानंतर तिथल्या एअरलाइन वैमानिकांना पूर्ण स्टॉलचा सराव सक्तीचा झाला. त्यासाठी आधी सिम्युलेटरांनाच खरा स्टॉल शिकवावा लागला.