फराहबागेतला चैत्र

फराहबाग बघायला पाहुणा आला की आम्ही नगरकर आधी ताजमहालाची गोष्ट सांगतो. शहाजहानला ताजची कल्पना म्हणे हीच वास्तू बघून सुचली. मला ही बढाई नको वाटते. माझी हयात पाटबंधारे खात्यात गेली. जुनी इमारत दिसली की मी आधी तिथं पाणी कुठून आणलं ते शोधतो. फराहबागेच्या पाण्याचा माग काढू लागलो आणि भेटली ती इराणची माणसं.

निजामशाही दरबारात इराण्यांचं वजन मोठं. तिकडच्या शाहाच्या रोषामुळे पळून आलेल्या शाह ताहिरच्या उपदेशाने बुऱ्हाण निजामशहाने 1537 च्या सुमारास शिया पंथ धरला. विद्वान, शिपाई, कवी असे लोक मग येतच राहिले. इतिहासकार फिरिश्ता कास्पियन समुद्राकडच्या अस्त्राबादचा. त्याचे वडील राजपुत्र मीरान हुसेनला फारसी शिकवायला नगरात आले, तेव्हा तो लहान होता. कवी मलिक कुम शहराचा, जुहुरी खुरासानातला.

इराणात वर्ष सुरू होतं नवरोजला, दिवस-रात्र समान होतात तेव्हा. डोंगरांवरचं बर्फ वितळून ओढे वाहू लागतात, बदामाची झाडं फुलतात. नगरला त्या सुमाराला काय असतं? शिमगा सरलेला, विहिरींनी तळ गाठलेला, माळावर वावटळी. आपल्याला तरी लिंबाची कोवळी पालवी दिसली की पाडवा आला असं वाटतं, आणि तिची चटणी गुळाबरोबर खाताना तोंड वाकडं करूनही बरं वाटतं. बर्फातून आलेल्या माणसाला मात्र यात वसंत कसा दिसावा? माझी मुलगी कॅनडात असते. एप्रिलात बर्फाखालून वर आलेल्या फुलांचे फोटो पाठवते आणि लगेच विचारते, "बाबा, यंदा आंब्याला किती कैऱ्या धरल्या?"

इराण्यांनी बहुधा ठरवलं, वसंत येत नसेल तर आणायचा. सावेडीच्या बाजूला हश्त बिहिश्त बाग आधीपासून होतीच. 1583 मध्ये निजामशाहीचा वजीर असलेल्या सलाबतखानाने फराहबाग पुरी केली. अष्टकोनी दुमजली महाल, उंच कमानी, मधोमध घुमटाखाली मोठं दालन आणि चहूबाजूंनी तलाव, म्हणजे वारा पाण्यावरून गार होऊन आत यावा. पाणी डोंगरपायथ्याहून खापरी नळांनी, नुसत्या उतारावर येई. उतार कमी पडला तर गाळ बसतो, जास्त झाला तर पाण्याच्या जोराने सांधे निखळतात. दुर्बीण आणि लेव्हल हाताशी असूनही आमची यात त्रेधा उडायची.

याच सलाबतखानाने भातोडीचा तलाव बांधला. खरं सांगायचं तर माझ्या लेखी त्याचं मोठं काम ते. चार महिन्यांच्या पावसाचं पाणी आठ महिने पुरवणं यापेक्षा मोठा वसंत या जिल्ह्यात कुणी आणलेला नाही. त्याची कबर शहाडोंगरावर आहे, आणि लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात!

हे सुख टिकलं नाही. 1589 मध्ये दख्खनी आणि परदेशी सरदारांचा जुना कलह पेटला, नगरात परदेशी लोकांची सरसकट कत्तल झाली. फिरिश्ता विजापूरला गेला आणि आपला मोठा इतिहास त्याने तिथंच लिहिला. तरीही, त्यानंतर अवघ्या काही वर्षांत जुहुरीने दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केलेल्या 'साकीनामा' या काव्यात नगरच्या बागेचं मनापासून वर्णन केलं. 1595 मध्ये बुऱ्हाण वारला, मोगल दाराशी आले, आणि जुहुरी, मलिक दोघेही विजापूरला गेले. इराणला कुणीच परतलं नाही.

पाडव्यानंतर एकदा भर दुपारी फराहबागेत जा. तलावाच्या कोरड्या तळात उतरा, मग कमानीखाली येऊन उभे राहा. आणि सोबत पाहुणा असेल तर ताजमहालाचं तेवढं टाळा.