अंडी-उबवण, घरगुती : पिल्लू बाहेर पडताना येणाऱ्या अडचणी

खुडूक कोंबडीऐवजी लहान इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबवणी यंत्रात, फलित अंड्यांना ठरावीक उष्णता व ओलावा देऊन घरच्या घरी पिल्ले मिळवण्याच्या पद्धतीला घरगुती अंडी-उबवण म्हणतात. कोंबडीच्या अंड्याचा उबवणकाल सुमारे २१ दिवसांचा असतो. पूर्ण वाढ झालेले पिल्लू कवचातच मरणे, छिद्र पाडून अडकणे किंवा अशक्त अवस्थेत बाहेर येणे या अडचणी अखेरच्या तीन दिवसांत दिसतात. परंतु त्यांचे मूळ बहुधा पहिल्या १८ दिवसांतील तापमान, आर्द्रता व फिरवण यांत किंवा त्याही आधी अंड्यांच्या निवडीत व साठवणीत असते.

बाहेर पडण्याची प्रक्रिया : वाढणारा गर्भ कवचाच्या आतून पसरलेल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्याच्या साहाय्याने श्वसन करतो आणि कवचातील हजारो सूक्ष्म रंध्रांतून येणारा ऑक्सिजन त्याला पुरतो. १९व्या ते २०व्या दिवशी पिल्लू आतला पडदा फाडून रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालते व फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. त्यानंतर मानेच्या मागच्या बळकट स्नायूच्या जोरावर आणि अंडदंत या चोचीवरील टणक उंचवट्याने ते कवचाला पहिले छिद्र पाडते. पुढचे १२ ते २४ तास ते बरेचसे स्वस्थ दिसते. या काळात पडद्यातील रक्त शरीरात परतते, बलकाची पिशवी पोटात पूर्ण ओढली जाते आणि मगच पिल्लू गोल फिरत कवच कापून बाहेर येते. ही स्वस्थता अडकल्याचे लक्षण समजून घाईने कवच फोडणे हे घरगुती उबवणीत पिल्ले दगावण्याचे एक टाळता येण्यासारखे कारण आहे.

आर्द्रतेचे दोष : १८व्या दिवसापर्यंत अंड्यातील पाणी रंध्रांवाटे उडून त्याचे वजन सुमारे ११ ते १३ टक्क्यांनी घटावे लागते, कारण त्यामुळेच हवेची पोकळी पुरेशी मोठी होते. त्यासाठी आर्द्रता पहिले १८ दिवस साधारण ५० ते ५५ टक्के व पुढे ६५ ते ७० टक्के ठेवतात. सुरुवातीला ती फार असल्यास पोकळी लहान राहते, पाणी धरून फुगलेल्या पिल्लाला वळायला जागा उरत नाही आणि चोच मारताच ते द्रवात गुदमरू शकते. फार कमी असल्यास पिल्लू लहान व दुबळे होते. छिद्र पडल्यानंतर झाकण वारंवार उघडले, तर ओलावा निघून जातो व पडदा वाळून पिल्लाला घट्ट चिकटतो. म्हणून कोकणातील पावसाळ्यात यंत्रातील पाणी कमी करावे लागते, तर मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते सतत भरत राहावे लागते. आर्द्रतामापक तपासण्यासाठी तो थोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मिठासह बंद डब्यात काही तास ठेवतात. त्यावर सुमारे ७५ टक्के आर्द्रता दिसली पाहिजे.

तापमानाचे दोष : पंखा असलेल्या यंत्रात ३७.५° से. तापमान योग्य असते. पंखा नसलेल्या यंत्रात उष्ण हवा वर साचत असल्यामुळे अंड्यांच्या माथ्याशी ते ३८.५° से.च्या आसपास ठेवतात. तापमान किंचित जास्त राहिल्यास पिल्ले मुदतीआधी येतात व त्यांची नाभी नीट मिटत नाही. कमी राहिल्यास ती उशिरा, सुस्त व मोठ्या मऊ पोटाची निघतात. काही तासांच्या थंडाव्यापेक्षा अतिउष्णता गर्भाला अधिक लवकर मारते. लोडशेडिंगच्या वेळी यंत्र जाड कापडाने झाकणे उपयोगी पडते, मात्र अखेरच्या दिवसांत ऑक्सिजनची गरज सर्वांत जास्त असल्याने हवेची छिद्रे मोकळी ठेवावी लागतात.

फिरवण, स्थिती व साठवण : अंडी १८व्या दिवसापर्यंत दिवसातून किमान तीन ते पाच वेळा फिरवली नाहीत, तर गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटण्याचा धोका असतो. डोके उजव्या पंखाखाली व चोच हवेच्या पोकळीकडे ही पिल्लाची योग्य स्थिती होय. अंडे निमुळते टोक वर करून ठेवल्यास डोके चुकीच्या टोकाकडे जाण्याची शक्यता वाढते. साठवण १५° ते १८° से. तापमानात व सात दिवसांपेक्षा कमी असावी. उन्हाळ्यात अंडी तापलेल्या खोलीत पडून राहिल्यास गर्भाची अर्धवट वाढ सुरू होते आणि तो यंत्रात जाण्याआधीच दुबळा होतो किंवा मरतो.

मदत केव्हा व कशी : छिद्र पडून २४ तास उलटले, काहीच प्रगती नाही आणि पडदा वाळलेला दिसत असेल, तरच मदतीचा विचार करावा. स्वच्छ हातांनी कवचाचे बारीक तुकडे छिद्रापासून हवेच्या पोकळीच्या दिशेने काढावेत व पडदा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ओला करावा. पाणी नाकपुड्यांत जाऊ देऊ नये. जिवंत रक्तवाहिन्या दिसल्या किंवा रक्ताचा थेंब आला, तर काम तत्काळ थांबवून अंडे यंत्रात परत ठेवावे व काही तासांनी पुन्हा पाहावे. डोके व मान मोकळी झाल्यावर शेवटची धडपड पिल्लावरच सोडावी. बलकाची पिशवी बाहेर असेल, तर ती कधीही ओढू किंवा कापू नये. बाहेर आलेल्या पिल्लाला पोटातील बलक दोन-तीन दिवस पुरतो, त्यामुळे पिसे कोरडी होईपर्यंत ते यंत्रातच सुरक्षित राहते. नंतर त्याला सुमारे ३५° से. उबेच्या जागी हलवतात.

कारणांचा शोध : न फुटलेली अंडी २३व्या दिवसानंतर फोडून पाहणे हा पुढील खेप सुधारण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. गर्भाची खूणही नसणारे अंडे बहुधा अफलित असते; रक्ताचे कडे पहिल्या काही दिवसांतील मृत्यू दाखवते, तर पूर्ण वाढलेले ओलसर पिल्लू अतिआर्द्रतेकडे आणि पडद्यात घट्ट आवळलेले पिल्लू कोरडेपणाकडे बोट दाखवते. अनेक अंड्यांत मधल्या आठवड्यातील मृत्यू आढळल्यास कोंबड्यांच्या आहारातील जीवनसत्त्वांची, विशेषतः रायबोफ्लेविनची, कमतरता तपासावी. ७व्या व १८व्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी धरून हवेच्या पोकळीचा आकार पाहणे आणि तापमान व आर्द्रता यांची रोजची नोंद ठेवणे, या दोन सवयींमुळे दोष वेळीच ओळखता येतो. अखेरच्या तासांत हाताने वाचवता येणारी पिल्ले थोडी असतात. आधीच्या १८ दिवसांच्या काळजीने वाचणारी त्याहून पुष्कळ अधिक असतात.