डोंगरमाथा, होकायंत्र आणि बंद पडलेली खाण

काही वर्षांपूर्वी संशोधनाच्या निमित्ताने मी न्यूयॉर्कजवळ राहत होतो. शहरापासून तास-दीड तासावर हॅरिमन नावाचं एक मोठं राखीव उद्यान आहे. रविवारी सकाळी डबा घेऊन निघायचं, दिवसभर डोंगर तुडवायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचं, हा आमचा नेम होता. डोंगर फार उंच नाहीत. तिथला हॉगेनकॅम्पचा माथा जेमतेम १३५० फुटांचा, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. पण माथ्यावर माती जवळजवळ नाहीच. नुसता उघडा, गुळगुळीत कातळ आणि त्यावर कुणीतरी आणून ठेवल्यासारखे प्रचंड धोंडे.

एकदा माथ्यावरून उतरताना वाट एका दगडांच्या ढिगाऱ्यापाशी आली. सोबत्याने होकायंत्र काढलं आणि तो गोंधळला. सूर्य सांगत होता एक दिशा आणि सुई दुसरीच. दोन पावलं पुढे गेलं की सुई आणखी तिसरीकडे वळे. मी ढिगाऱ्यातला मुठीएवढा काळा दगड उचलला. आकाराच्या मानाने तो भलताच जड होता. सुईजवळ नेताच सुई त्याच्याकडे खेचली गेली. समोर कातळात एक खोल, अरुंद फट होती आणि तिच्यात काळंशार पाणी साचलेलं होतं. ती हॉगेनकॅम्पची लोखंडाची खाण. १८७० च्या सुमारास ती सुरू झाली आणि १८८५ साली बंद पडली.

आता प्रश्न असा, की दगडात अजून एवढं लोखंड शिल्लक असताना या भागातल्या बहुतेक खाणी पुढे बंद का पडल्या?

कातळाची गोष्ट

आधी लोखंड तिथे आलं कसं ते पाहू. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. हॅरिमनचा खडक त्याच्या मानाने फारच म्हातारा, शंभर कोटी वर्षांहूनही जुना. जमिनीच्या पोटात खोलवर, प्रचंड दाब आणि उष्णता सोसून तो तयार झाला. या खडकाला नाईस म्हणतात. त्यात फिक्या आणि गडद खनिजांचे पट्टे दिसतात. या पट्ट्यांना समांतर अशा मॅग्नेटाइटच्या चपट्या शिरा आहेत. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड (Fe₃O₄). शुद्ध स्वरूपात त्यात वजनाने ७२ टक्के लोह असतं, आणि नावाप्रमाणेच ते चुंबकीय असतं. आमच्या होकायंत्राला फसवलं ते यानेच. जुने खाणवाले याच गुणाचा उपयोग करत. वरखाली हलणारी चुंबकसुई घेऊन ते डोंगर पालथा घालत आणि सुई खाली झुकली की तिथे खणत.

माथे उघडे पडले ते मात्र बर्फामुळे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हा सगळा प्रदेश हिमनदीखाली होता. सरकणाऱ्या बर्फाने माती खरवडून नेली, कातळावर समांतर ओरखडे काढले आणि वितळताना सोबत आणलेले धोंडे तिथेच टाकून दिले. थोडक्यात, लोखंड शोधणाऱ्यांसाठी बर्फाने वरचं झाकण आधीच काढून ठेवलं होतं.

जंगल जाळून लोखंड

इंग्लंडची तेव्हाची अडचण लाकडाची होती. धातुकातून लोह मिळवायचं तर त्यातला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. हे काम कार्बन मोनॉक्साइड करतो आणि तो मिळतो कोळशापासून. दगडी कोळशापासून केलेला कोक इंग्लंडमध्ये नुकताच वापरात येत होता. बाकीच्या भट्ट्या लाकडी कोळशावर चालत. अमेरिकन वसाहतींत धातुक, जंगल आणि धबधबे तिन्ही एकत्र होते. म्हणून ब्रिटिश संसदेने १७५० साली कायदा केला. वसाहतींनी कच्चं बीड इंग्लंडला खुशाल पाठवावं, पण पत्रे आणि पोलाद बनवण्याचे नवे कारखाने काढू नयेत! कापूस इथून न्यायचा आणि कापड तिथून आणायचं, हा धडा आपण आपल्या इतिहासात शिकवतो. त्याचाच हा सख्खा भाऊ.

१७६४ साली पीटर हासेनक्लेवर हा जर्मन उद्योजक लंडनचं भांडवल घेऊन इथे आला. त्याने रिंगवूडची भट्टी विकत घेतली, आणखी भट्ट्या उभारल्या आणि जर्मनीहून कुटुंबांसह पाचशेहून अधिक माणसं आणली. खर्च इतका वाढला, की काही वर्षांतच लंडनच्या मालकांनी त्याला दूर केलं. या भागातल्या भट्ट्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनाही राबवलं जाई.

एका भट्टीला दिवसाला साधारण एक एकर जंगल लागे. कोळसा करणारे लाकडांचा मोठा ढीग रचून, वर पानं-माती लिंपून, तो कित्येक दिवस धुमसत ठेवत. त्यासाठी त्यांनी उतारावर सपाट केलेल्या गोल जागा आजही जंगलात ओळखता येतात. पायाने पानं बाजूला केली की खाली काळी माती लागते.

नदीवरची साखळी

या लोखंडाने पुढे इंग्लंडलाच अडवलं. स्वातंत्र्ययुद्धात हडसन नदीला फार महत्त्व होतं. इंग्रजांची जहाजं नदीतून वर गेली असती तर वसाहतींचे दोन तुकडे झाले असते. त्यासाठी नदीवर आडवी साखळी ताणायचं ठरलं. पहिली साखळी १७७६ साली बसवतानाच तुटली. ती दुरुस्त करून पुन्हा बसवली, पण ऑक्टोबर १७७७ मध्ये इंग्रजांनी काठावरचे किल्ले घेतले आणि साखळीही गेली. मग फेब्रुवारी १७७८ मध्ये स्टर्लिंगच्या कारखान्याला नव्या साखळीचं काम दिलं गेलं. एकेक कडी दोन फूट लांब आणि वजनाला पन्नास किलोच्या आसपास होती. भट्टीतून निघणाऱ्या बिडात सुमारे चार टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते ठिसूळ असतं. साखळीला ते चालणार नव्हतं. बीड पुन्हा तापवून, कार्बन जाळून, घणाखाली ठोकून घडीव लोखंड करावं लागलं. तरीही ३० एप्रिल १७७८ रोजी ओंडक्यांच्या तराफ्यांवर तरंगणारी ती साखळी वेस्ट पॉइंटपाशी नदीवर ताणली गेली. इंग्रज जहाजांनी ती तोडायचा प्रयत्नच केला नाही. तिच्यातल्या तेरा कड्या आजही वेस्ट पॉइंटला पाहायला मिळतात.

खाणी का संपल्या?

पुढे शंभर वर्षं खाणी चालल्या. १८४० नंतर रेल्वे आली, दगडी कोळसा आला आणि यादवी युद्धात तोफांसाठी लोखंडाची मागणी वाढली. मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय?

उत्तर दीड हजार किलोमीटरवर आहे. मिनेसोटातल्या मेसाबी भागात १८९० साली हेमेटाइटचे साठे सापडले. तिथलं धातुक मऊ होतं, उथळ होतं आणि वाफेच्या फावड्याने ते थेट वाघिणीत भरता येई. हॅरिमनच्या शिरा अरुंद आणि उभ्या. कठीण नाईस सुरुंगाने फोडायचा, पाणी उपसायचं आणि खोल खोल जायचं. मोठ्या सरोवरांतून जहाजांनी येणारा मेसाबीचा माल इतका स्वस्त पडू लागला, की इथल्या बहुतेक खाणींना टाळं लागलं. खाण धातुक संपलं म्हणूनच बंद पडते असं नाही. ते काढणं परवडेनासं झालं तरी ती बंद पडते.

ही लढाई खुद्द एडिसनही हरला. शेजारच्या न्यू जर्सीतल्या ऑग्डेनला त्याने कमी प्रतीचं मॅग्नेटाइट विकत घेतलं. टनावारी वजनाचे धोंडे प्रचंड रुळांखाली भरडायचे, भुकटी विद्युतचुंबकांसमोरून खाली सोडायची, लोह वेगळं करायचं अशी त्याची कल्पना होती. विज्ञान अचूक होतं आणि यंत्रंही चालली, पण बाजारभाव कोसळला. १८९० च्या दशकातली सगळी वर्षं आणि भली मोठी रक्कम त्यात गेली. दगड भरडण्याचा तो अनुभव त्याने मग सिमेंटच्या कारखान्यात वापरला.

जंगल परतलं, पण…

१९१० साली मेरी हॅरिमन यांनी उद्यानासाठी दहा हजार एकर जमीन आणि दहा लाख डॉलर दिले. अट एवढीच, की शेजारच्या बेअर माउंटनला सरकारने सुरू केलेलं तुरुंगाचं काम थांबवावं. १९२३ मध्ये अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांबच लांब पायवाटेचा पहिला टप्पा याच उद्यानात खुला झाला. तोडलेलं जंगल पुन्हा वाढलं. पण ते जसंच्या तसं परत आलं नाही. कोळशासाठी पुन्हा पुन्हा तोडूनही फुटणारा अमेरिकन चेस्टनट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या बुरशीच्या रोगाने जवळजवळ नाहीसा झाला.

आणि काही मैलांवरच्या रिंगवूडची गोष्ट तर अजून संपलेलीच नाही. तिथल्या खाणी १९५० च्या दशकापर्यंत रखडत चालल्या. त्यानंतर, १९६७ ते १९७१ या काळात, फोर्ड कंपनीच्या माहवा इथल्या मोटार कारखान्यातला रंगाचा गाळ या खाणींच्या परिसरात आणून टाकला गेला. त्यात शिसं, आर्सेनिक अशी विषारी द्रव्यं होती. शेजारी रामापो लेनापे लोकांची वस्ती होती. त्यांच्यातल्या अनेकांचे वाडवडील याच खाणींत राबले होते. १९८३ साली ही जागा देशातल्या अतिप्रदूषित ठिकाणांच्या यादीत आली. १९९४ साली ‘साफ झाली’ म्हणून ती यादीतून काढली गेली. पण गाळ सापडतच राहिला, वस्तीतले लोक आपल्या आजारांबद्दल बोलत राहिले आणि २००६ मध्ये तिला पुन्हा यादीत घालावं लागलं.

हॉगेनकॅम्पच्या काळ्या पाण्याकडे पाहताना मला ती खाण म्हणजे एक संपलेली गोष्ट वाटली होती. रिंगवूडबद्दल वाचल्यावर तो समज गेला. खाण बंद होते म्हणजे मालकाचा हिशेब बंद होतो. खड्डा तिथेच राहतो आणि त्याच्या काठावरची माणसंही.

शिक्षक मित्रहो, चुंबकाचा धडा शिकवताना वर्गात एक साधं चुंबक आणि मूठभर वाळू आणा. कोकणात असाल तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू उत्तमच. चुंबक कागदात गुंडाळून वाळूतून फिरवा. त्याला चिकटतील ते मॅग्नेटाइटचे कण. एडिसनने कोट्यवधी किलो दगडांवर केलं तेच तुम्ही केलंत. मग गावाजवळची एखादी जुनी खाण किंवा दगडाची खदान निवडा. आत न उतरता, काठावरूनच पाहा आणि मुलांना तीन प्रश्न विचारा. इथून काय काढलं? ते कुठे गेलं? आणि आता इथे काय टाकलं जातंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते मुलांनाच शोधावं लागेल.