झायनचा बोगदा आणि चाकांवरचीं घरें

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना अमेरिकेनें जगास दिली. पण देतांना तिनें एकाच दमांत दोन वचनें देऊन ठेविलीं. १९१६ सालच्या राष्ट्रीय उद्यानसेवेच्या कायद्यानें सृष्टीचें रूप पुढील पिढ्यांसाठीं जसेंच्या तसें राखण्याची आज्ञा केली, आणि लोकांस त्याचा आनंद लुटूं द्यावा, असेंही त्याच श्वासांत सांगितलें. हीं दोन वचनें एकमेकांच्या मुळावर कशीं येतात हें पाहावयाचें असेल, तर यूटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील झायनच्या दरीकडे वळावें. रखरखीत वाळवंटी पठारांत व्हर्जिन नांवाच्या लहानशा नदीनें तांबड्या-पांढऱ्या वालुकाश्मांत ही दरी कोरली आहे. कडे दोन-दोन हजार फूट उंच. तळ मात्र कोठें कोठें इतका चिंचोळा, कीं नदी आणि वाट या दोहोंस मिळून पुरेशी जागा नाहीं. या शेवटच्या गोष्टींतूनच तेथील पुढचा सारा इतिहास निघाला.

या खोऱ्यांत दक्षिण पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मॉर्मन पंथाचे वसाहतवाले आले. नदीकांठची जमीन गेली, रोगराई आली, आणि पायूटांची संख्या झपाट्यानें घटली. आयझॅक बिहूनिन नांवाच्या एका मॉर्मन शेतकऱ्यानें दरींत झोपडी बांधून तिला ‘झायन’ हें बायबलांतील पवित्र नगरीचें नांव दिलें. पंथाचे धुरीण ब्रिगहॅम यंग यांनीं ‘हें झायन नव्हे’ असें बजावल्याची एक आख्यायिका आहे. १८७२ सालीं मेजर जॉन वेस्ली पॉवेल यांनीं मात्र पायूटांच्या तोंडचें नांव टिपून घेतलें: मुकुंटुवीप. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनीं ३१ जुलै १९०९ रोजीं दरीस राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला तो याच नांवानें. नऊच वर्षांत तें पुसलें गेलें. नांव उच्चारावयास कठीण, प्रवाशांच्या तोंडीं बसत नाहीं, अशी कुरकुर होती. १९१८ सालीं स्मारकाचें नांव झायन झालें, आणि १९ नोव्हेंबर १९१९ रोजीं तें राष्ट्रीय उद्यान बनलें. प्रवाशाच्या जिभेची सोय पाहून ज्यांनीं दरीचें नांव बदललें, त्यांनीं त्याच्या गाडीसाठीं डोंगर फोडावा यांत नवल नाहीं.

आरंभीं प्रवासी आगगाडीनें येत. १९२३ सालीं युनियन पॅसिफिक कंपनीनें सीडर सिटीपर्यंत लोहमार्ग आणला. तेथून पुढें कंपनीच्याच मोटारी, आणि १९२५ पासून दरींत कंपनीचेंच विश्रामगृह. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनचा उत्तरकांठ एकाच फेरींत दाखवावा, ही सर्वांचीच मनीषा होती. अडचण एवढीच, कीं झायनच्या पूर्वेस सरळ उभी भिंत होती.

ती भिंत १९२७ ते १९३० या तीन वर्षांत फोडली. अभियंत्यांची युक्ति मोठी नामी होती. बोगदा दोन टोकांकडून खणण्याऐवजीं त्यांनीं कड्याच्या उघड्या तोंडावर मचाण चढवून प्रथम गवाक्षें पाडलीं, गवाक्षांतून आंत शिरून डोंगराच्या पोटांत दोन्ही दिशांनीं सुरुंग लावीत नेले, आणि निघालेला दगड त्याच गवाक्षांतून खालीं दरींत लोटला. १.१ मैल लांबीचा हा बोगदा ४ जुलै १९३० रोजीं समारंभपूर्वक खुला झाला. पहिल्या पिढीच्या प्रवाशांस त्या गवाक्षांपाशीं गाडी थांबवून, अंधाराच्या चौकटींतून समोरचे तांबडे कडे पाहतां येत असत. पुढें रहदारी वाढली, आणि तें थांबणें बंद झालें. मला विचाराल तर त्या बोगद्याचें काव्य त्याच दिवशीं संपलें. उरला तो रस्ता.

हा रस्ता १९२० च्या दशकांतील मोटारीच्या अंगमापानें बेतलेला होता. गाडी मात्र त्या मापांत राहिली नाहीं. झोपावयाची सोय असलेल्या मोटारी अमेरिकेंत १९१० पासूनच होत्या. परंतु १९६६ सालीं विनेबेगो कंपनीनें मोटारघरें कारखान्यांत रांगेनें तयार करण्यास आरंभ केला, तेव्हां जें पूर्वीं धनिकांचें कौतुक होतें तें मध्यम स्थितींतील निवृत्त दांपत्याच्या आवाक्यांत आलें. यास तिकडे आर. व्ही. म्हणतात: स्वयंपाकघर, शेज, स्नानगृह, सारें चाकांवर. आमच्याकडे मनुष्य घर सोडून वनांत जात असे. हा गृहस्थ घरासकट जातो! तरी त्याची थट्टा करण्यांत अर्थ नाहीं. ज्यांच्या गुडघ्यांत तंबू ठोकण्याचें बळ उरलेलें नाहीं, अशा हजारों वृद्धांस वाळवंटांतील तारे या गाडीनेंच दाखविले आहेत, आणि कायद्याचें दुसरें वचन त्यांच्यासाठींही होतें.

बोगद्यास हा विचार कळत नाहीं. त्यांतील वळणांवर या अवजड गाड्या मधली रेषा ओलांडूं लागल्या आणि समोरून येणाऱ्यांचे प्राण धोक्यांत आले. १९८९ पासून ११ फूट ४ इंचांहून उंच अथवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडीसाठीं समोरची रहदारी रोखून धरावयाची, आणि मग तिनें बोगद्याच्या मध्यभागांतून एकटीनें जावयाचें, अशी व्यवस्था झाली. एका घरास वाट देण्यासाठीं दोन्ही तोंडांशीं रांगा उभ्या राहत.

दरीच्या तळाची स्थिति याहून कठीण होती. सुमारें सहा मैलांच्या त्या रस्त्यावर गाड्या उभ्या करण्यास जागा थोडी आणि येणारे अनंत. लोक गवतावर, झाडांच्या मुळांवर चाकें चढवूं लागले. अखेर २००० सालीं हंगामांत खासगी गाड्यांस दरीचा रस्ता बंद करून उद्यानानें स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या. म्हणजे सत्तर-पाऊणशें वर्षांपूर्वीं आगगाडीची कंपनी जें करीत होती, तेंच पुन्हा आलें. त्या काळीं तो नाइलाज होता; आतां तो शहाणपणा ठरला.

पायवाटांची कथा वेगळी नाहीं. ‘एंजल्स लँडिंग’ नामक सुळक्याकडे जाणारी वाट १९२६ सालीं बांधली. तींतील २१ आंखूड नागमोडी वळणें उद्यानाचे पहिले अधीक्षक वॉल्टर रूश यांच्या नांवानें ओळखलीं जातात. दरीच्या तळापासून सुमारें १,५०० फूट चढण, आणि शेवटीं उघड्या धारेवर सांखळी धरून चालणें. ही वाट मुळांत विरळ वर्दळीसाठीं होती. २०२१ सालीं उद्यानांत पन्नास लाखांहून अधिक भेटी झाल्या, आणि २०२२ च्या एप्रिलपासून या सुळक्यासाठीं सोडतीनें परवाने देण्यांत येऊं लागले. जेथें बसचा रस्ता संपतो, तेथून वर ‘नॅरोज’ या घळींत तर नदी हीच वाट. गुडघाभर, कोठें कमरेइतक्या पाण्यांतून, काठीच्या आधारानें चालावयाचें. डोक्यावर आकाश निरभ्र असूनही वर दूर कोठें पाऊस झाला, तर घटकेभरांत लोंढा येतो. सप्टेंबर १९१५ नव्हे, २०१५ ची ही गोष्ट: याच उद्यानांतील कीहोल नांवाच्या घळींत अशा लोंढ्यानें सात जणांचा बळी घेतला.

२०२५ सालीं उद्यानानें जाहीर केलें, कीं २०२६ च्या मध्यापासून अवजड गाड्यांस बोगद्याच्या रस्त्यानें जातां येणार नाहीं. शहाण्णव वर्षांनीं अधिकाऱ्यांनीं डोंगर रुंद करण्याऐवजीं गाडीस वळसा सांगितला. कांहींजण रागावतील, आणि त्यांचा राग अगदींच अनाठायीं म्हणवत नाहीं. तरी निर्णय योग्य आहे, असेंच मी म्हणेन. पश्चिमेकडून येणाऱ्या मोटारघरांस आतां हरिकेन गांवावरून दक्षिणेस उतरून, ॲरिझोनाच्या हद्दींतून कॅनबकडे जाण्याचा एक मार्ग आहे. तो रस्ता कैबाब पायूट लोकांच्या राखीव प्रदेशांतून जातो.