शंकर आबाजी भिसे आणि शिशाची अक्षरे

मराठवाड्यातली मंठ्यासारखी गावे निजामाच्या अमलाखाली असताना आणि दफ्तरी कारभार उर्दूत चालत असताना, मराठी छापील कागद या मुलखात येई तो बहुधा मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून. आणि त्या कागदातील एकेका अक्षरामागे किती शिसे व किती मेहनत खर्ची पडते, याचा विचार वाचकाच्या मनास सहसा शिवत नसे. तोच विचार ज्यांच्या आयुष्याचा ध्यास झाला, ते शंकर आबाजी भिसे २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मले.

यंत्रांची विलक्षण ओढ असलेल्या या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘विविध कला प्रकाश’ हे मराठी शास्त्रीय मासिक चालविले. माझ्या मते त्यांच्या यंत्रांइतकेच मोल या उद्योगाला आहे, कारण शास्त्र मराठीतून सांगता येते ही खात्री तेव्हा फार थोड्यांना होती. साखर-पिठासारखा माल आपोआप तोलून देणाऱ्या त्यांच्या यंत्राने लंडनमधील स्पर्धेत पारितोषिक मिळविले, आणि दादाभाई नौरोजी यांच्या साह्याने ते विलायतेस गेले.

तेथे त्यांनी हाती घेतला तो खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, ओतण्याचा प्रश्न. शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस मातृकेवर, म्हणजे अक्षराच्या कोरीव ठशावर, बसविलेल्या साच्यात शिरतो, क्षणात थिजतो आणि खिळा बाहेर पडतो. रस किंचित थंड असला वा हवा अडकली, की अक्षराचा चेहरा बिघडून तो खिळा पुन्हा भट्टीत जातो. हे काम अतिशीघ्र करणारे ‘भिसोटाइप’ त्यांनी सिद्ध केले. सर रतन टाटांनी त्यास द्रव्यबळ पुरविले, तथापि प्रस्थापित विलायती कारखानदारांच्या बाजारपेठेत त्या यंत्राला हक्काची जागा मिळाली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भिसे न्यूयॉर्कला गेले. त्याच नगरीत १९०४ साली लक्झेंबर्गहून आलेल्या ह्यूगो गर्न्सबॅक यांनी विद्युत्-साहित्याचा व्यापार मांडून १९०८ पासून ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ हे मासिक काढले होते. तेथे व्यापार आणि वाचक परस्परांस पोशीत होते. भिसे यांचा क्रम उलटा पडला: मासिक मायदेशी आधी निघाले, आणि यंत्रांना आश्रय देणाऱ्या भांडवलाच्या शोधात त्याच्या संपादकाला समुद्र ओलांडावे लागले. अमेरिकेत त्यांनी ओतयंत्रे सुधारली, ‘ॲटोमिडीन’ हे आयोडीनयुक्त औषध तयार केले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच देह ठेवला.