बदली कामगार आणि पायथन

परळ-लालबागेत वाढलेल्यांना ‘बदली’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. कायम कामगार गैरहजर राहिला की त्या दिवसापुरता त्याच्या मागावर जो उभा राही, तो बदली. भोंगा व्हायच्या सुमारास गिरणीच्या गेटावर घोळका जमे, आणि जॉबर बोट दाखवील तो आत. १९३५ साली गिरणीमालक संघाने या कारभाराला थोडी शिस्त लावली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक माणसांना बदली-कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या.

कामागणिक नवा माणूस शोधावा की तयार फळी हाताशी ठेवावी, हा प्रश्न पुढे संगणकवाल्यांनाही सुटला नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसएमध्ये ‘सीजीआय’ची रीत निघाली. वेबसाइटकडे कुणी काही मागितले, की सर्व्हरने एक नवी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्राम, उभी करायची. तिने उत्तर द्यायचे आणि संपून जायचे. पायथनमध्ये हे फारच महाग पडे. दर खेपेला इंटरप्रिटर नावाचा दुभाष्या जागा व्हायचा, लागतील ती मॉड्यूल्स शोधून वाचायचा, डेटाबेसशी नव्याने ओळख काढायचा. आणि एवढा खटाटोप दोन ओळींच्या उत्तरासाठी! कपभर चहासाठी दर वेळी नवी चूल मांडण्यातलाच प्रकार.

१९९६ च्या फास्टसीजीआयने प्रोसेस पुढच्या मागणीसाठी राखून ठेवली. २००३ साली फिलिप एबी यांनी डब्ल्यूएसजीआय हा सर्व्हर आणि पायथन-प्रोग्राम यांच्यातला करारनामा लिहिला. गुनिकॉर्न हा सर्व्हर तर कामाच्या प्रोसेस आधीच उभ्या करून ठेवतो. त्यांचे नावच ‘वर्कर’! २०२४ च्या पायथन ३.१३ मधून जुने सीजीआय मॉड्यूल काढून टाकले.

तरी जुनी खोड मागल्या दाराने शिरते. एखादे चित्र लहान करायचे, तर दर मागणीला बाहेरचा प्रोग्राम बोलावणारे आजही आहेत. तेच काम पिलो ही लायब्ररी चालू प्रोसेसमध्येच करते. काम लांबणारे असले, तर ते रांगेत टाकून वेगळ्या वर्करकडे द्यावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अर्थात फळी राखण्यालाही खर्च आहे. बसून राहिलेली प्रोसेस मेमरी अडवते, म्हणून वर्कर किती ठेवायचे याचा हिशेब सर्व्हर चालवणाऱ्याला करावाच लागतो. गिरणीला तसा भुर्दंड नव्हता. खिशात कार्ड असूनही ज्याला काम मिळाले नाही, तो बदली रोजाविना चाळीत परते.