न पाहिलेल्या वाघाची किंमत

मंडळी, जो प्राणी आपण आयुष्यात कधी पाहणार नाही, तो जगावा म्हणून खिशातून किती काढू? प्रश्न विचित्र वाटेल, पण अर्थतज्ज्ञ त्यावर गेली पन्नासहून अधिक वर्षं भांडत आहेत.

१९६७ साली जॉन क्रुटिला या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने एक छोटासा लेख लिहिला. तोवर जंगलाची किंमत म्हणजे लाकूड, खाणी, फार तर पर्यटन. क्रुटिलांचं म्हणणं असं, की ते रान शाबूत आहे एवढ्यानेही दूरच्या माणसाला समाधान मिळतं, तेही हिशेबात धरा. यालाच पुढे 'अस्तित्वमूल्य' म्हणू लागले. आता या समाधानाचा बाजार काही कुठे भरत नाही. मग लोकांनाच विचारायचं!

मार्च १९८९ मध्ये 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काजवळ खडकावर आदळलं आणि प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलं. मेलेल्या पक्ष्यांचे पैसे किती? अलास्का राज्याने देशभर पाहणी करवली. असा अपघात पुन्हा टाळायला घरटी एकदाच किती द्याल? मध्यक उत्तर सुमारे ३१ डॉलर. देशातल्या सगळ्या घरांचे मिळून झाले २.८ अब्ज.

तेलकंपनी गप्प कशी बसेल? तिच्या पैशाने झालेल्या एका पाहणीत तीन गटांना विचारलं, की २,०००, २०,००० किंवा २,००,००० पक्षी वाचवायला किती द्याल? सरासरी उत्तरं आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट, पैसे तेवढेच! लोक पक्ष्यांची किंमत सांगत होते, की स्वतःच्या चांगुलपणाची? आम्हाला ही शंका रास्त वाटते, ती कंपनीच्या सोयीची असली तरी.

१९९३ साली केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेलविजेत्यांच्या समितीने मधला मार्ग काढला. कडक नियम पाळा, मग हे आकडे विचारात घेता येतील. त्यातला एक नियम ध्यानात ठेवा. 'किती द्याल?' असंच विचारायचं, 'किती घ्याल?' असं नाही. कारण दुसऱ्या प्रश्नाचे आकडे भलतेच फुगतात.

आता मेळघाटात या. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी हे एक. प्रकल्पासाठी जागतिक वन्यजीव निधीने दहा लाख डॉलर देऊ केले होते. त्यासाठी परदेशात वर्गणी देणाऱ्या कितीजणांनी मेळघाटाचं नाव ऐकलं असेल? त्यांच्या मनातला वाघ खरा, त्यांचे पैसेही खरे. पण इथल्या कोरकूंच्या भाषेत वाघ म्हणजे 'कुला', आणि तो त्यांच्या गोठ्याजवळ येतो. व्याघ्र प्रकल्पासाठी उठवलेल्या गावांमध्ये कोरकूंची गावं आहेत. तिथल्या बाईला 'किती द्याल?' विचारलंत तर उत्तर शून्याच्या आसपास येईल, कारण तिच्या हातात रोकड नाही. तक्त्यात मात्र त्याचा अर्थ होतो, हिला वाघाची पर्वा नाही. तिला विचारण्याजोगा प्रश्न 'किती घ्याल?' हाच होता, आणि नेमका तोच नियमाने बाद केलेला.